भोंगा थांबल्यावर



निवृत्त होणाऱ्या कामगाराला शाल-श्रीफळ मिळते, फोटो निघतो, चार भाषणे होतात. पुढे काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातले कोणी ना कोणी कारखान्यात नोकरीला आहे, म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

निमित्त असे. आपले एक जुने पॅनमन निवृत्तीनंतर मुलाकडे बदलापूरला गेले. मुलगा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जे हाती आले, ते एका दमात हेंद्रेपाड्यात तळमजल्याच्या ब्लॉकमध्ये घातले. हा भाग बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला. जुलै 2019 मध्ये नदी घरात आली. त्याच पुरात कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली होती; तिची बातमी आपण सर्वांनी वाचली असेल. घरची माणसे सुखरूप राहिली, सामान गेले. पण भिंती आणि वायरिंग दुरुस्त करायला हातात रोख रुपया नव्हता, हे दुखणे मोठे. घर घेतले यात चूक नाही. 2005 च्या पुरात पाणी कुठवर आले होते, हे जुन्या रहिवाशांना आधी विचारायला हवे होते, आणि सगळीच पुंजी घालायला नको होती.

आता हिशेब. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या दर वर्षाला 15 दिवसांचा पगार. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून शेवटचा आकडा 26,000 असेल, तर त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचे. वर्षाला 15,000, तीस वर्षांना साडेचार लाख. हंगामी कामगाराला मात्र दर हंगामाला 7 दिवसांचा पगार धरतात. पेन्शनच्या बाबतीत उलट आहे. 1995 च्या योजनेत हंगामी कामगाराचा हंगाम पुरे वर्ष म्हणून धरला जातो. हे पुष्कळांना ठाऊकच नसते. दहा वर्षे भरली नाहीत या समजुतीने पेन्शनचा पैसा उचलून मोकळे होण्याआधी वर्षे नीट मोजून घ्यावीत.

पेन्शन 58 व्या वर्षापासून. आधी घेतली तर वर्षाला 4 टक्के कपात. 2014 पासून पगाराची मर्यादा 15,000 धरली आहे, त्यामुळे तीस वर्षे नोकरी होऊनही रक्कम सात हजारांच्या आतच राहते. त्यावर महागाई भत्ताही नाही. म्हणजे फंडाच्या पैशाने दरमहाची भर घातली पाहिजे. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना आम्हाला यासाठी बरी वाटते. एप्रिल 2023 मध्ये तिचा दर 8.2 टक्के ठरला. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करते, पण एकदा ठेवलेल्या रकमेला पाच वर्षे तोच दर मिळतो. 8.2 टक्क्याने दहा लाखांवर तीन महिन्यांना 20,500 येतात. लग्न, मोटारसायकल, भाच्याचा धंदा या मागण्या पैसा आल्याच्या आठवड्यातच दारात उभ्या राहतात. नाही म्हणायचे ते नवरा-बायकोने आधीच बसून ठरवलेले बरे.

पैशाइतकाच अवघड असतो दिवस. पॅनमध्ये दाणा कसा धरतोय हे काचेवरचा थेंब पाहून सांगणारा हा माणूस. हेंद्रेपाड्यात सगळे त्याला म्हणत, तुम्ही बसा हो. पहाटे चारला जाग यायची, भोंगा नाही, पाळी नाही. वर्षभर ते चिडचिडे झाले होते, असे त्यांच्या मंडळीनेच आम्हाला सांगितले. पुढे नातवाला शाळेत पोचवायचे काम त्यांनी स्वतः मागून घेतले. दसऱ्यानंतर तीन महिने गावी येऊन उसाच्या फडाकडेही बघतात. शेअर अजून त्यांच्याच नावावर आहे, वार्षिक सभेला पहिल्या रांगेत असतात आणि ताळेबंदावर प्रश्न विचारून संचालकांना घाम फोडतात!

ज्यांची दोन-तीन वर्षे राहिली आहेत, त्यांनी फंडातले नाव, जन्मतारीख आणि आधारवरची नोंद जुळते का, हे येत्या हंगामाआधी टाइम ऑफिसात तपासून घ्यावे. वारसाचे नाव लग्नाआधीचे, म्हणजे आईचेच राहिले असेल, तर तेही बदलून घ्यावे.