मांड आणि पाठ : घोड्याचा आणि स्वाराचा भौतिकोपचार

घोड्याला गळ्याचे हाड नसते. माणसाचा हात याच हाडाने धडाला जोडलेला असतो. घोड्याच्या छातीचा पिंजरा मात्र पुढच्या दोन पायांच्या मध्ये फक्त स्नायूंच्या झोळीत तोललेला असतो. उभ्या घोड्याच्या वजनाचा जवळपास ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. पाठीवर माणूस बसला आणि पुढे झुकला की हा भार आणखी वाढतो. पुढच्या पायाचा जो सांधा आपण गुडघा म्हणतो, तो खरे तर माणसाच्या मनगटाच्या जागचा. मागच्या पायाचा कोन करणारा सांधा म्हणजे टाचेचा घोटा. खूर म्हणजे मधल्या एकाच बोटाचे नख. एवढे मोठे जनावर चार बोटांच्या टोकांवर धावते. त्याचे दुखणे कुठून सुरू होते आणि कुठे दिसते, हे समजायला आधी ही रचना ध्यानात घ्यावी लागते.

औषध वा शस्त्रक्रियेऐवजी हाताचा दाब, व्यायाम, गारवा, ऊब, पाणी किंवा विजेचे सौम्य झटके वापरून शरीराची हालचाल पूर्ववत करणे म्हणजे भौतिकोपचार, रोजच्या भाषेत फिजिओथेरपी. माणसांसाठी रुळलेले हे शास्त्र विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये घोड्यांकडे वळले. सर चार्ल्स स्ट्राँग यांनी माणसांच्या स्नायूंसाठीचे विद्युत उपचार लॉर्ड माउंटबॅटन यांच्या पोलोच्या घोड्यांवर करून पाहिले. १९८५ मध्ये तिथे प्राण्यांवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांची संघटना उभी राहिली. पण हाताने घोडा मोकळा करण्याची विद्या आपल्याकडेही होती. शालिहोत्राच्या नावावरची अश्ववैद्यकाची परंपरा जुनी आहे. मराठ्यांच्या फौजेत बारगीर सरकारी घोड्यावर बसे, तर शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. घोडा लंगडला की शिलेदाराची रोजीरोटीच लंगडे. त्यामुळे मजल संपल्यावर खोगीर उतरवून पाठ चोळणे, खरारा करणे, घोडा हळूहळू फिरवून घाम जिरवणे ही मोतद्दाराची रोजची कामे होती.

धाराशिव जिल्ह्यात आता पागा उरल्या नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत देशभरातले घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरले, आणि २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून जास्त होती. तरीही जिल्ह्यात घोडा दिसतो, आणि तो कामाचाच असतो. लग्नाच्या वरातीत तो असतो. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांच्या बिऱ्हाडात असतो. आषाढीच्या वाटेवर गजानन महाराजांची पालखी धाराशिव, तुळजापूर करत सोलापूरकडे जाते, तिच्यासोबत असतो. परंडा तालुक्यातल्या नांगरडोह इथे संत एकनाथांच्या पालखीचे रिंगण होते, तिथेही धावतो तो घोडाच. या प्रत्येक कामाचा ताण वेगळा आहे, म्हणून दुखणेही वेगळे.

सर्वांत जास्त सोसतो तो वरातीचा घोडा. हलगीचा ठेका वाढतो, घोडा डांबरी रस्त्यावर जागच्या जागी पाय आपटत नाचतो, मग मागच्या दोन पायांवर उभा राहतो. त्या क्षणी सारे वजन मागच्या घोट्यांवर, ढुंगणाच्या स्नायूंवर आणि कमरेच्या मणक्यांवर येते. नाचाची ही उचल अवघड असली तरी शिकवून, मऊ जमिनीवर, थोडा वेळ केली तर निरोगी घोडा ती पेलतो. लग्नसराईत एकाच दिवसात दोन-तीन वराती, खाली तापलेले डांबर आणि मधल्या वेळात टेम्पोतला उभ्याचा प्रवास, हे कोणताही सांधा पेलत नाही. नाचण्याआधी घोड्याच्या अंगाचा ताठरपणा घालवायला निदान १५ मिनिटे साधी पायचाल हवी, आणि नाचून झाल्यावरही तेवढीच. एवढे केले तरी पुष्कळ दुखापती टळतात. दुखरा घोडा वेदनाशामक इंजेक्शन देऊन वरातीत उभा करणे हा तर सरळ घात आहे. वेदना दबते, फाटलेला तंतू फाटतच राहतो.

गुडघ्याच्या आणि मागच्या घोट्याच्या खाली घोड्याला मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. खाली असतात त्या फक्त दोरासारख्या शिरा, म्हणजे कंडरा. नळीच्या मागच्या बाजूने बोटे फिरवली की त्या ताणलेल्या तारेसारख्या लागतात. धावताना कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि प्रत्येक टापेला साठवलेली शक्ती परत देते. या ताणाने ती आतून तापते. भरधाव दौडीत तिच्या गाभ्यातले तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचे मोजले गेले आहे. त्या उष्णतेत आतल्या पेशी हळूहळू दुबळ्या होतात, आणि मग एखाद्या दिवशी साध्या खड्ड्यात पाय पडूनही कंडरा फाटते. नळीमागे सूज येते, हात लावला तर गरम लागते, घोडा पाय टेकवायला कचरतो.

अशा वेळी पहिले दोन-तीन दिवस मालिश करू नये, हळदीचा गरम लेप लावू नये. मालिशने आतला रक्तस्राव वाढतो. थंड पाण्याची धार एका वेळी १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा सोडावी, आणि घोड्याला ठाणावरच ठेवावे. पुढचे काही आठवडे जखमेवर नवे तंतू तयार होतात, पण ते विस्कटलेल्या सुतासारखे आडवेतिडवे असतात. त्यांना ताणाच्या दिशेने सरळ करते ती रोजची मोजून दिलेली चाल. आधी हातात दोर धरून दहा मिनिटे, मग आठवड्याला थोडी थोडी वाढ, दुडकी फार उशिरा, चौखूर त्याहून उशिरा. पूर्ण बरे व्हायला नऊ महिने ते वर्ष लागते. घोडा लंगडायचा थांबला म्हणजे बरा झाला, या समजुतीपायीच तीच कंडरा दुसऱ्यांदा फाटते. अगाडी-पिछाडी बांधून महिनोन्‌महिने ठाणावर उभा ठेवलेला घोडाही नीट भरून येत नाही. चालण्याची मात्रा ठरवणे हेच या उपचारातले खरे कौशल्य आहे.

पाठीचे दुखणे डोळ्यांना लवकर दिसत नाही. घोड्याच्या छातीला साधारणपणे १८ मणके आणि फासळ्यांच्या १८ जोड्या असतात. खोगीर शेवटच्या फासळीच्या मागे जाता कामा नये, कारण तिथून पुढे कमरेच्या मणक्यांना खालून आधार नसतो. मराठीत खोगीरभरती हा शब्द फालतू गोष्टींसाठी वापरला जातो. घोड्याच्या पाठीच्या दृष्टीने मात्र ही भरतीच सगळ्यांत महत्त्वाची. ती एका बाजूला दबली की खोगीर कलते, एकाच जागी घासते, तिथले केस पांढरे होतात, कातडी सोलवटते. धनगरांच्या तट्टावर हाच प्रश्न ओझ्याचा असतो. एका बाजूला भांडी, दुसऱ्या बाजूला वाकळा आणि वर कोकरे असा भार बांधला की वजन कितीही सावरले तरी एका अंगाला जास्त होते. भीमेच्या थडीवरच्या या काटक तट्टांची भीमथडी म्हणून आता स्वतंत्र जात नोंदली गेली आहे. काटक असले तरी त्यांच्या कण्याचे गणित बदलत नाही.

ते गणित असे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात आठ घोड्यांवर वेगवेगळी वजने ठेवून पाहिले. घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचा भार त्यांनी सोसला. २५ आणि ३० टक्क्यांना स्नायू दुखरे आणि ताठ झाले. म्हणजे ३०० किलोच्या तट्टावर खोगिरासकट ६० किलो, त्यापुढे नाही. भरजरी खोगिरावर नवरदेव आणि त्याच्यापुढे बसवलेला लहान करवला यांचे वजन एकदा करून पाहावे.

दुखणे ओळखायला यंत्र लागत नाही. घोडा सपाट, कडक जमिनीवर सैल दोराने दुडकत न्यावा. पुढचा दुखरा पाय जमिनीवर पडताना तो डोके वर उचलतो आणि चांगला पाय पडताना खाली आणतो. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. मग मानेच्या मुळापासून शेपटीपर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांच्या टोकांनी सारखा दाब देत जावे. जिथे कातडी थरथरते, पाठ एकदम खचते किंवा कान मागे जातात, तिथे दुखणे आहे. तंग आवळताना चावायला येणारा घोडा बहुधा खोडकर नसतो, त्याची पाठ दुखत असते.

पाठ बळकट करणारे व्यायामही घरी करता येतात. गाजर किंवा उसाचे कांडे हातात धरून घोड्याचे तोंड हळूहळू छातीकडे, गुडघ्यांच्या मध्ये, मग बरगडीकडे आणि पुठ्ठ्याकडे वळवायचे आणि काही क्षण तसेच ठेवायचे. संशोधक हिलरी क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा व्यायाम आठ घोड्यांकडून आठवड्यातले पाच दिवस, तीन महिने करून घेतला. मणक्यांना लगटून असलेला खोल स्नायू मोजण्याइतका जाड झाला, असे त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. पोटाखाली मधोमध बोटांनी दाब दिला की घोडा पाठ वर उचलतो. हाही चांगला व्यायाम आहे. जमिनीवर चार-पाच बांबू अंतराने ठेवून त्यांवरून चालवले की पाय उचलण्याची सवय परत येते. दुखऱ्या, तापलेल्या घोड्याला यांतले काहीही करायला लावू नये.

आता स्वाराकडे. घोड्यावर बसण्याच्या पकडीला मराठीत मांड म्हणतात, आणि मांड पक्की म्हणजे मांड्या आवळून धरणे, असा समज आहे. मांड्या आवळल्या की कंबर ताठ होते. मग घोड्याच्या प्रत्येक पावलाचा धक्का कमरेतून थेट मणक्यांत जातो. खरी मांड म्हणजे घोड्याच्या पाठीबरोबर हलणारी सैल कंबर आणि तिला आवरणारे पोटाचे स्नायू. बाजूने पाहिले तर कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत असावेत. घोडे फिरवणाऱ्या तरुणांना मांडीच्या आतल्या बाजूचा ताण, कंबरदुखी आणि पडल्यावर मोडणारे गळ्याचे हाड या तीन तक्रारी हमखास असतात. बद्धकोनासनाने मांडीचा आतला भाग मोकळा होतो, सेतुबंधासनाने कमरेमागचा आधार बळकट होतो. ओट्यावर उभे राहून चढले तर रिकिबीत लोंबकळावे लागत नाही, घोड्याची पाठही पिळत नाही.

वाकडा स्वार घोडा वाकडा करतो. जुन्या दुखापतीने एका खुब्यावर जास्त वजन टाकणाऱ्या माणसाखाली खोगीर एकीकडे सरकते, घोडा त्या बाजूचा स्नायू आकसून धरतो आणि काही महिन्यांत लंगडू लागतो. तपासणाऱ्याला घोड्याच्या पायात काहीच सापडत नाही. दुखण्याचे मूळ स्वाराच्या कमरेत असते. म्हणून परदेशात घोडा आणि स्वार यांना एकत्र तपासण्याची पद्धत पडली आहे. याची दुसरी बाजूही आहे. चालत्या घोड्याची पाठ स्वाराच्या कमरेला माणसाच्या चालीसारखीच तिन्ही दिशांनी हालचाल देते. डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला. गुडघ्याखाली बळ नसताना त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणात रौप्यपदक मिळवले. त्यांच्या यशाने अपंगांसाठी घोडेस्वारीच्या उपचाराला जोर आला.

आपल्याकडे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने जनावरांवर उपचारांचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांना दिला आहे. म्हणून निदान आधी त्यांच्याकडून, व्यायाम नंतर. धाराशिवकरांसाठी उदगीर आणि परभणी इथली पशुवैद्यकीय महाविद्यालये मराठवाड्यातच आहेत, आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. घोड्याची नाल साधारण सहा आठवड्यांनी बदलावी लागते. नालबंद येईल त्याच दिवशी पाठीवरून एकदा बोटे फिरवावीत आणि खोगिराची भरती उलटून पाहावी.