सिस्टरचा अधिकार कुठवर?

भिवंडी तालुक्यात अंबाडी नाक्यावर काय किंवा वज्रेश्वरीकडच्या पाड्यांवर काय, ‘नर्सबाई’ म्हटलं की आशाताईही त्यात येते आणि आरोग्य उपकेंद्रातली सिस्टरही. दोघींची कामं मात्र वेगळी. आशाताई गावातूनच, साधारण हजार वस्तीमागे एक अशी निवडलेली. तिला कामाप्रमाणे मोबदला मिळतो. सिस्टर म्हणजे एएनएम. बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी. सपाटीवर ५,००० आणि आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, हा सरकारी निकष.

‘ती फक्त लस टोचते आणि रजिस्टर भरते’ हा सिस्टरबद्दलचा समज अन्यायकारकच आहे. प्रसूतीचं खास प्रशिक्षण घेतलेली एएनएम बाळंतपण करते, रक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिन देते. गरोदर बाईला झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, देऊन तिला पुढे पाठवण्याची मुभा तिला आहे. डॉक्टर येईपर्यंत थांबलं तर बाई हातची जाऊ शकते, म्हणून ही मुभा.

मग तापाला सुई आणि अशक्तपणाला सलाईन का देत नाही, असं लोक विचारतात. कारण तिला मिळालेली परवानगी ठरावीक अवस्थेसाठी, ठरावीक मात्रेची आहे. आजार ओळखून औषधं लिहून देणं, खाजगी दवाखाना थाटणं तिच्या कक्षेत येत नाही. गर्भपात तर कायद्याने फक्त पात्र डॉक्टरनेच करायचा. साध्या तापाला पॅरासिटामॉलची गोळी पुरते. ती देऊन परत पाठवणाऱ्या सिस्टरला ‘काही येत नाही’ म्हणणारी माणसं सुईसाठी बोगस डॉक्टर गाठतात, याचं मला फार वाईट वाटतं. नाही म्हणणं हासुद्धा तिच्या जबाबदारीचाच भाग आहे.

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज वीटभट्ट्यांवर आढळतो. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबं भिवंडी तालुक्यात भट्टीवर येतात आणि पावसाआधी परततात. ‘आमचं नाव गावाकडे लागलंय, इथे कोण बघणार?’ असं म्हणून गरोदर बाया तपासणीला जातच नाहीत, बाळांच्या लसी राहून जातात. लस आणि तपासणी रहिवासावर अवलंबून नाही. आपल्या हद्दीतल्या भट्टीवरची आई आणि मूल शोधणं हे सिस्टरचं कामच आहे. माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडचं असलं तरी चालतं. सोबत ठेवलं की पुढचा डोस कोणता ते तिला लगेच कळतं. कार्ड हरवलं असेल तरी जावं. ती नवं करून देते.