मोठेपणी सुरू होणारा रक्तस्राव: कारण काय, उपचार कोणते?

हिरड्यांतून रक्त येणे, किरकोळ धक्क्यानेही मोठे काळे-निळे डाग पडणे अशी लक्षणे मोठेपणी पहिल्यांदा दिसली, तर ‘आमच्या घरात हिमोफिलिया नाही’ म्हणून दुर्लक्ष करू नका. रक्त गोठवणारे घटक (फॅक्टर) जन्मानंतरही कमी होऊ शकतात.

यांतील बहुतेक घटक यकृतात तयार होतात. त्यांपैकी २, ७, ९ आणि १० या घटकांना व्हिटॅमिन के लागते. म्हणून सिरोसिस, पित्तनलिका अडून झालेली कावीळ आणि वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी ही नेहमीची कारणे आहेत. पीटी-आयएनआर आणि एपीटीटी या रक्ततपासण्यांतून निदानाची दिशा मिळते.

उपचार कारणाप्रमाणे बदलतात.

- व्हिटॅमिन के कमी असल्यास ते दिले जाते. परिणाम दिसायला काही तास लागतात.
- रक्तस्राव जास्त असेल तर प्लाझ्मा किंवा फॅक्टरचे इंजेक्शन द्यावे लागते.
- यकृत फार खराब असल्यास नुसते व्हिटॅमिन के पुरत नाही.
- क्वचित, विशेषतः उतारवयात किंवा बाळंतपणानंतर, शरीर फॅक्टर ८ विरुद्ध अँटीबॉडी बनवते. तेव्हा स्टिरॉइडसारखी औषधे आणि रक्तविकारतज्ज्ञांची देखरेख लागते.

रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. हृदयात कृत्रिम झडप असेल तर तिच्यावर गुठळी होऊ शकते. वेदनाशामक गोळ्याही विचारल्याशिवाय घेऊ नका. डांबरासारखी काळी शौच झाली किंवा डोक्याला मार लागला, तर त्रास वाटत नसला तरी लगेच रुग्णालयात जा. जाताना चालू औषधांची यादी सोबत न्या.