सांडव्याखालचा खडक

पावसाळ्यात शिर्डी-लोणी पट्ट्यात रोज चौकशी होते ती भंडारदरा किती भरले आणि किती क्युसेक सोडले याची. ते पाणी ज्या खडकावर आदळते, त्याची विचारपूस क्वचितच होते. गेल्या शतकाचा अनुभव मात्र तिकडेच बोट दाखवतो.

प्रवरेवरचे हे दगडी धरण 1926 साली पूर्ण झाले आणि खालच्या भागात ऊस उभा राहिला. 1969 मध्ये धरणाला तडे गेले, गळती वाढली. पुढे खालच्या अंगाने आधारभिंती देऊन ते सावरले. त्याआधी, 12 जुलै 1961 रोजी, पानशेतचा मातीचा भराव फुटला होता आणि पाठोपाठ खडकवासलाही.

सांडव्याखाली किती खोल खड्डा पडेल, याचा अंदाज पूर्वी विसर्ग आणि पाण्याची उडी यांच्या सूत्रांवर बांधत. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात लहान प्रतिकृतींवर प्रयोगही होत आले आहेत. अडचण खडकाची आहे. आपला काळा पाषाण वरून अभेद्य दिसतो, पण त्यात उभ्या सांधी असतात, लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. कोसळत्या पाण्याचा धडधडता दाब सांधीत शिरतो आणि अख्खी शिळा उचलून फेकतो. आफ्रिकेतल्या करिबा धरणाखाली असाच सुमारे 80 मीटर खोल डोह पडला.

1995 मध्ये अभियंते अॅनान्डेल यांनी पाण्याची झीज करण्याची ताकद आणि खडकाचा प्रतिकार समोरासमोर मांडले. शिळेचा आकार, सांधींची दिशा, त्यांतले घर्षण हे सारे हिशेबात आले. माझ्या मते हा खरा टप्पा होता. तरीही 2017 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणाच्या आपत्कालीन सांडव्यावरून, क्षमतेच्या मानाने थोडेच पाणी वाहिले, तेवढ्यात खालची टेकडी धरणाच्या दिशेने खचत आली. सुमारे 1 लाख 88 हजार लोकांना घरे सोडावी लागली.

26 ऑक्टोबर 2023 रोजी शिर्डीच्या कार्यक्रमात प्रवरेवरच्याच निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले. म्हणजे प्रवरेच्या धरणांवर आता आणखी गावांची भिस्त आहे. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर आणि पुरानंतरही तपासणी बंधनकारक केली आहे. त्या तपासणीत सांडव्याखालच्या डोहाची खोली दरवर्षी मोजावी आणि ते आकडे लोकांसमोर ठेवावेत. पाणीवापर संस्थांनी आवर्तनाइतक्याच आग्रहाने ते मागावेत.