नांदेडची फाईल लातूरला बसेना

विष्णुपुरीतल्या खोलीवर मी लिनक्सचं पहिलं कर्नल मॉड्यूल लिहिलं, ते जेमतेम पंधरा ओळींचं. 'सी'चा प्रोग्राम मेनपासून सुरू होतो. इथे मेनच नाही. एक फंक्शन आत शिरताना चालतं, दुसरं बाहेर पडताना. पहिल्याने शून्य परत दिलं तर मुक्काम, ऋण आकडा दिला तर दारातूनच माघारी. प्रिंटएफही नाही, कारण ते 'सी'च्या लायब्ररीत राहतं आणि कर्नलमध्ये ती लायब्ररी नसते. तिथे प्रिंटके. मी त्यात रोमन अक्षरांत 'राम राम' लिहिलं.

मेकफाईलने तासभर खाल्ला. आज्ञेच्या ओळीआधी टॅब लागतो, मी स्पेस दिल्या होत्या. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शेवटी डॉट केओ फाईल तयार झाली. सुडो लावून इन्समॉड केलं, पडद्यावर काहीच नाही. पुन्हा केलं, तर 'फाईल एक्झिस्ट्स'. म्हणजे पठ्ठ्या केव्हाच आत जाऊन बसला होता! त्याचं बोलणं टर्मिनलवर येत नाही, कर्नलच्या नोंदवहीत जातं. डीमेसग केल्यावर राम राम दिसला. त्याच्या वर कर्नलचा शेरा: बाहेरचं मॉड्यूल घेतल्याने कर्नल 'टेंटेड'. सोवळ्यातल्या आजीसारखं, घरात घेतलं, पण विटाळाची नोंद ठेवली.

शनिवारी फाईल पेनड्राइव्हवर घालून लाल परीने निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. चुलतभावाच्या लॅपटॉपवर इन्समॉड केलं, तर उत्तर आलं, 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट'.

"घेईना की रे हे. काय बिघडवायलास माझं मशीन?"

बिघडलं काहीच नव्हतं. माझा कर्नल ५.१५, त्याचा ६.८. जुना साधा प्रोग्राम नव्या कर्नलवर चाललाच पाहिजे, हा लिनस टोरवाल्ड्सचा हट्ट. कर्नलच्या पोटातल्या रचनांबद्दल मात्र असं वचन कुणी दिलेलं नाही. त्या आवृत्तीगणिक बदलू शकतात. मॉड्यूल त्याच पोटात राहणार. रचनेतला एक रकाना सरकलेला असताना ते तसंच आत घेतलं, तर भलत्याच जागी भलतंच लिहिलं जाईल. साधा प्रोग्राम चुकला तर एकटा मरतो, मॉड्यूल चुकलं तर अख्खं मशीन बसू शकतं. म्हणून ही दारावरची झडती. बसमध्ये मनातल्या मनात मारलेल्या बढाया वाया गेल्या, तरी मला तो कडकपणा पटला.

मग त्याच्या कर्नलच्या हेडर फाईली उतरवून घेतल्या आणि तोच सोर्स, एक अक्षर न बदलता, तिथेच मेक केला. राम राम आला. आता आरएममॉड, बाहेर काढायची वेळ नांदेडला आलीच नव्हती. मॉड्यूल गेलं, पण त्याची निरोपाची ओळ डीमेसगमध्ये दिसेना. त्या प्रिंटकेच्या शेवटी नव्या ओळीची खूण टाकायची मी विसरलो होतो. ती नसली की ओळ पुरी झाली असं कर्नल धरत नाही, पुढच्या संदेशाची वाट बघतो.

भावाने माऊसची वायर काढून पुन्हा खोचली. यूएसबीच्या नोंदी धडाधड आल्या आणि त्यांच्या आधी आमचं 'येतो आता' उभं होतं.