भाड्याचे घर आणि मुका जीव

शिक्षण व व्यवसायानिमित्त आपल्या समाजातील अनेक मुले अमेरिकेत भाड्याच्या घरांत राहतात. सोबत कुत्रा वा मांजर असल्यास तेथील घरमालक बहुधा भाड्याखेरीज वेगळी रक्कम मागतो. ती न परवडल्यास पोसलेला जीव परक्या हाती सोपवावा लागतो. जीवदया मानणाऱ्या घरात हा प्रश्न केवळ पैशाचा उरत नाही.

ही मागणी तीन प्रकारची असते : एकदाच घेतले जाणारे, परत न मिळणारे शुल्क, नुकसान न झाल्यास परत मिळणारी अनामत, आणि दरमहाचे ‘पेट रेंट’. दरमहा ५० डॉलर किरकोळ भासतात. दोन वर्षांत त्यांचे १,२०० होतात आणि एकही डॉलर परत येत नाही. याउलट ५०० डॉलरची अनामत आपल्या खात्यावर येणे म्हणूनच राहते. म्हणून मासिक आकाराऐवजी अनामतीचा प्रस्ताव ठेवावा.

मालकाला भीती असते ती नुकसानीची आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींची. लसीकरणाचे दाखले, पूर्वीच्या मालकाचे पत्र आणि दीर्घ मुदतीचा करार यांनी ती ओसरते. राज्याचा कायदाही पाहावा. न्यू जर्सीत बहुतांश घरांसाठी, प्राण्याची अनामत धरूनही, एकूण अनामत दीड महिन्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही.

ठरलेले सर्व करारात लिहून घ्यावे; प्रवेशाच्या दिवशीच घराची छायाचित्रे काढावीत. प्राणी लपवून ठेवणे मात्र सर्वथा टाळावे. सत्याचे अणुव्रत भाडेकरारातही पाळायचे असते.