आधी माती, मग मेण!

तंजावरच्या बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर तिथले मराठा राजे सरफोजी यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. त्याच गावात नवरात्रातल्या नवमीला आयुधपूजा असते. आपली खंडेनवमी ती हीच. आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, तिथे चंदन-कुंकू लावून चाकाखाली लिंबू ठेवतात. पण त्याआधी दोन्हीकडे एकच काम असतं, गाडी लख्ख करायची! बादली आणि फडका हातात घेण्यापूर्वी या गमती वाचून घ्या. तंजावरच्या कारागिरांना माहीत असलेली गोष्ट गाडीलाही लागू पडते: तकाकी वरून लावता येत नाही, ती खालच्या पृष्ठभागातून येते.

गुळगुळीत तेच चमकतं
सपाट पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परततो आणि आरशासारखं प्रतिबिंब दिसतं. बारीक ओरखडे असले की प्रकाश विखुरतो आणि रंग मळकट वाटतो. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात ना? ते ओरखडे गोल नसतात, सगळ्या दिशांना पसरलेले असतात. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे पडतात तेवढेच चमकतात आणि डोळ्यांना वर्तुळ भासतं.

तंजावरचं सोनं उलट वागतं
तंजावर चित्रशैलीत खडूची पूड आणि डिंकाच्या लगद्याने दागिने, कमानी, प्रभावळ उंच उचलतात आणि त्यावर सोन्याचा वर्ख बसवतात. पृष्ठभाग उंचसखल असल्यामुळे कुठूनही पाहिलं तरी सोन्याचा कुठला तरी कण लुकलुकतोच. चित्राला जे उंचवटे शोभतात, तेच गाडीच्या रंगावर नकोत.

केसाहून पातळ कवच
गाडीच्या रंगावर ‘क्लिअर कोट’ नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी! दर पॉलिशमध्ये त्यातला अगदी थोडा भाग घासून निघतो. म्हणून पॉलिश गरजेपुरतंच करायचं आणि दारांच्या, बॉनेटच्या कडांवर हात हलका ठेवायचा, कारण तिथे थर आणखी पातळ असतो.

सख्खे नव्हे, शेजारी
पॉलिश आणि वॅक्स एकच, असं अनेकांना वाटतं. पॉलिशमध्ये बारीक घासणारी पूड असते, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची. ते ओरखड्यांच्या कडा घासून पृष्ठभाग सपाट करतं. वॅक्स काही काढत नाही, ते वरून पातळ पांघरूण घालतं. धुळीवर वॅक्स लावलं तर धूळच जपली जाते! आणि मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश कधीच लावू नये. तिथे तुकतुकीत डाग पडतो आणि तो पुन्हा मॅट होत नाही.

पिशवीत हात घाला
गाडी धुऊन वाळवा, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घाला आणि बॉनेटवरून बोटं अलगद फिरवा. उघड्या हाताला न कळलेली खरखर लगेच जाणवेल. हे रंगात रुतलेले डांबराचे, लोखंडाचे कण. ते काढायला क्ले बार, म्हणजे मळलेल्या कणकेसारखी खास माती मिळते. फवारा मारून ओल्या रंगावर ती सरळ रेषेत सरकवायची. खाली पडली तर उचलून पुन्हा वापरू नका, तिला चिकटलेला खडा नवा ओरखडा काढेल.

मेण गेलं, मूर्ती राहिली
तंजावरहून तीसेक किलोमीटरवर कुंभकोणमजवळ स्वामिमलै आहे. तिथले स्थपती मधमाशीच्या मेणात राळ मिसळून आधी मूर्ती घडवतात. तिच्यावर पहिला लेप कावेरीच्या अगदी मऊ गाळाचा देतात, मग जाड मातीचे. साचा तापवला की मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत पंचधातूचा रस ओततात. साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक. पहिला लेप मऊ का? मातीची खरखर धातूवर जशीच्या तशी उमटते म्हणून. या रीतीचं वर्णन कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने १२व्या शतकात ‘मानसोल्लास’ ग्रंथात करून ठेवलं आहे.

ब्राझीलचं पान, तुमचं बॉनेट
गाडीच्या वॅक्समधलं नावाजलेलं मेण कार्नौबा. ते ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडकुळातल्या झाडाच्या पानांवरून झाडून काढतात. कोरड्या दिवसांत पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड स्वतःच पानांवर हा लेप चढवतं. चॉकलेट-गोळ्यांवरची चकाकीही अनेकदा याचीच, वेष्टनावर ‘ई-९०३’ शोधा. पान जपण्याची युक्ती तंजावरला, म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालयाच्या गावाला, नवी नाही. जुन्या ताडपत्रांवर गवती चहाच्या तेलाचा हात फिरवण्याची रीत आहेच.

साठ अंशांचं गणित
उन्हाळ्यात तंजावरचा पारा चाळिशीला भिडतो आणि उन्हातल्या काळ्या गाडीचा पत्रा साठ अंशांपुढे सहज तापतो. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कार्नौबा ८२ ते ८६ अंशांना. म्हणून उष्ण मुलखात कार्नौबाच टिकाव धरतं. लावताना मात्र गाडी सावलीत आणि पत्रा गार हवा. तापल्या पत्र्यावर वॅक्स भराभर वाळतं आणि चट्टे उठतात.

अळवावरचं पाणी
अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण त्यावर मेणाचे अतिसूक्ष्म कण असतात. कमळाच्या पानाचंही तसंच. वॅक्स केलेल्या गाडीवर पाण्याचे टपोरे मणी होतात ते मेणाच्याच गुणाने. मणी पसरट होऊ लागले की समजा, वॅक्सची वेळ झाली. भांड्यांचा साबण मात्र गाडीला लावू नका, तो तेलकटपणाबरोबर वॅक्सही धुऊन नेतो.

सांबाराला चिंच, पितळेला चिंच, गाडीला नाही
चिंचेतलं आम्ल पितळेवरचा काळपट थर विरघळवतं, म्हणून समई उजळते. गाडीवर धातू उघडा नसतोच, वर असतं ते प्लास्टिकच्या जातीचं कवच. त्यावर आम्लाने चमक येत नाही, डाग मात्र पडू शकतो. पक्ष्यांची विष्ठा आणि लिंबाचा रस म्हणूनच लगेच धुवावा.

देवाचीही कारच
देवळाच्या रथाला तमिळमध्ये ‘तेर’ म्हणतात आणि इंग्रजीत चक्क ‘कार’! सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर २०१५ साली बृहदीश्वराचा रथ पुन्हा तंजावरच्या रस्त्यांवर आला.

मग क्रम काय?
धुणं, क्ले बार, गरज असेल तिथेच पॉलिश आणि शेवटी वॅक्सचा पातळ हात. जाड थराने चमक वाढत नाही, पुसायचे कष्ट तेवढे वाढतात. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर आधी मास्किंग टेप लावा, नाहीतर पांढरे डाग राहतात. वॅक्स धुरकट झालं की स्वच्छ मायक्रोफायबर फडक्याने पुसा. हळद-कुंकू त्यानंतरच लावा आणि दुसऱ्या दिवशी कोरडं घासून न काढता पाण्याने धुऊन टाका. आता दारावरच्या तोरणासमोर गाडी उभी करा. बॉनेटमध्ये झेंडूची पाकळी न् पाकळी मोजता आली, तर पूजेला गाडी तयार आहे.